कानांनी ऐकायची क्षमा

१० डिसेंबर १५२० रोजी विटेनबर्गच्या एल्स्टर दरवाजाबाहेर मार्टिन ल्यूथरने पोपचे फर्मान जाळले, हे इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडते. त्याच आगीत आणखी एक जाडजूड ग्रंथ टाकला गेला होता, त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. ‘सुम्मा आंजेलिका’ हे त्याचे नाव. आंजेलो कार्लेत्ती या इटालियन फ्रान्सिस्कन संन्याशाने लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी हाताशी ठेवायचा कोश होता. कोणते पाप किती गंभीर, कोणत्या परिस्थितीत ते वाढते किंवा सौम्य ठरते, याची वर्णानुक्रमाने लावलेली जंत्री त्यात होती. ती जंत्री आगीत गेली, म्हणजे पापनिवेदनाची प्रथाही गेली, असे कोणालाही वाटेल. आपल्याकडेही तोच समज आहे. गोव्यात किंवा वसईत ‘कुमसार’, म्हणजे पापनिवेदन, म्हटले की कॅथलिक चर्चच डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकासमोर एकट्याने गुडघे टेकून पाप सांगण्याचा रिवाज नाही. पण ज्याने तो ग्रंथ जाळला त्यानेच पुढच्या दशकभरात साध्या माणसांसाठी पापनिवेदनाचा नमुना लिहून दिला, आणि १५३० च्या ऑग्सबर्गच्या विश्वासपत्राचे अकरावे कलम स्पष्ट सांगते की प्रत्येकाला व्यक्तिशः क्षमावचन देण्याची रीत मंडळीत टिकली पाहिजे. ल्यूथरन पाळक आजही दीक्षेच्या वेळी हे विश्वासपत्र मानण्याची शपथ घेतात. म्हणजे प्रथा कागदावर शाबूत आहे, आणि बहुतेक ल्यूथरन आयुष्यभर तिच्या वाटेला जात नाहीत. असे का झाले, याचे उत्तर ल्यूथरच्या धर्मविचारात शोधण्यापेक्षा ही प्रथा नंतर कशी राबवली गेली त्यात शोधावे, असे माझे मत आहे. ल्यूथरने तिचा सगळा भार बोलण्यावरून ऐकण्यावर आणला होता. ज्या ज्या काळी चर्चला याचा विसर पडला, त्या त्या काळी ती आटली. जिथे आठवण झाली, तिथे ती पुन्हा फुटली.

आधी ल्यूथरला नेमका त्रास कशाचा होता ते पाहू. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसावर वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूपुढे सर्व पापे सांगण्याचे बंधन घातले. ‘सर्व’ या अटीतच खरी मेख होती. १५०५ मध्ये एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झालेला तरुण ल्यूथर तासन्‌तास पापनिवेदन करी, उठून जाई, आणि काहीतरी सांगायचे राहिले म्हणून परत येई. सांगितलेल्या पापाची क्षमा मिळते, तर मग विसरलेल्याचे काय? नीट पश्चात्ताप झाला होता की शिक्षेची नुसती भीती वाटली होती? अशा हिशेबाला अंत नसतो, कारण हिशेब तपासणारा आणि देणारा एकच असतो. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्स यांनी त्याला या भोवऱ्यातून बाहेर ओढले. स्वतःकडे बघत बसण्याऐवजी ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ, असे ते सांगत. श्टाउपिट्स शेवटपर्यंत कॅथलिकच राहिले. हे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण जुन्या प्रथेत सांत्वन अजिबात नव्हते असे चित्र रंगवणे अन्यायाचे होईल. सांत्वन होते, पण ते चांगला माणूस भेटण्यावर अवलंबून होते. नियम मोजणीचा होता. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तो पुन्हा पक्का केला, तर ऑग्सबर्गच्या विश्वासपत्राने त्याआधीच एकोणिसाव्या स्तोत्राचा आधार घेऊन तो सोडून दिला होता. आपल्या सगळ्या चुका कोणाला कळतात? कोणालाच नाही, मग त्या मोजून दाखवण्याची अट घालणे म्हणजे अशक्याची अट घालणे.

ल्यूथरच्या लहान धर्मप्रश्नोत्तरीत पापनिवेदनाचे जे प्रकरण आहे ते जवळून वाचण्यासारखे आहे. पापनिवेदनाचे दोन भाग, एवढ्यावर त्याने सारे आणले: आपण पाप कबूल करतो, आणि क्षमावचन जणू देवाच्याच तोंडून आल्यासारखे ऐकून घेतो. कोणती पापे सांगायची? देवापुढे सगळी, न कळलेलीसुद्धा. पाळकापुढे मात्र जी आपल्याला ठाऊक आहेत आणि मनाला बोचतात तेवढीच. मग तो आपल्या स्थानाकडे बघायला सांगतो: तू बाप आहेस की आई, मुलगा की मुलगी, मालक की नोकर? पुढे दिलेल्या नमुन्यांत नोकर कबूल करतो की मी धन्याचे काम मनापासून केले नाही, त्याला राग येऊन शिव्या द्याव्या लागतील असे वागलो, कामात कुचराई केली आणि नुकसान होऊ दिले. मालकीण कबूल करते की मुलाबाळांना आणि घरातल्या माणसांना नीट वळण लावले नाही, शेजाऱ्याबद्दल वाईट बोलले, जास्त दाम घेतले, माल खोटा दिला आणि मापात मारले. वैराग्याची, ध्यानाची, गूढ मोहांची भाषा इथे कुठेही नाही. स्वयंपाकघर, गोठा, बाजार आणि तराजू यांच्यामधले हे पाप आहे. त्यानंतर येते ती मला साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची सूचना वाटते: कोणाला फार ओझे वाटत नसेल तर त्याने उगाच पापे उकरून काढू नयेत किंवा रचू नयेत, नाहीतर पापनिवेदनाचा छळ होतो; एखाददुसरे सांगावे आणि पुढे व्हावे. मठात तासन्‌तास कुढलेल्या माणसाचा अनुभव या एका सूचनेत उतरला आहे. आणि मग पाळक विचारतो, माझी क्षमा ही देवाची क्षमा आहे असे तू मानतोस का? ‘होय’ म्हटल्यावर तो ख्रिस्ताच्या आज्ञेने, त्या एका माणसाला उद्देशून, तुझ्या पापांची क्षमा करतो असे म्हणतो आणि शांतीने जायला सांगतो. प्रायश्चित्त म्हणून इतक्या प्रार्थना म्हण, इतके उपास कर, असे काहीही सांगितले जात नाही. सांगणाऱ्याचे वाक्य तोकडे, अडखळत आलेले असले तरी चालते. ऐकलेले वाक्य मात्र पुरे आणि बिनशर्त असावे लागते.

याच कारणाने ल्यूथरला सक्ती मान्य नव्हती. १५२१ च्या अखेरीस तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला असताना त्याचा सहकारी कार्लश्टाट याने विटेनबर्गमध्ये पापनिवेदनाशिवायच लोकांना प्रभुभोजन दिले. मार्च १५२२ मध्ये परतल्यावर ल्यूथरने सलग आठ दिवस प्रवचने दिली, आणि त्यातले शेवटचे पापनिवेदनावर होते. कोणावरही ते लादू नये, पण माझ्याकडून ते कोणी हिरावून घेऊ नये, जगातल्या सगळ्या संपत्तीच्या बदल्यातही मी ते देणार नाही, असा त्याचा आशय होता. देणगी आहे, म्हणून सक्ती नको; आणि देणगी आहे म्हणूनच ती टाकून देणेही वेडेपणाचे. पण देणगीवर समाज चालवता येत नाही हे लवकरच दिसले. सॅक्सनीतल्या गावांची तपासणी सुरू झाली तेव्हा दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थनाही लोकांना येत नाही असे आढळले. मग १५२८ च्या तपासणी नियमांत प्रभुभोजनाआधी पाळकाने माणसाला पारखून घ्यावे अशी तरतूद आली, आणि ऑग्सबर्गच्या पंचविसाव्या कलमात तीच रीत अभिमानाने नोंदवली गेली. हेतू चांगला होता. पण त्यामुळे एकाच खुर्चीत दोन माणसे बसली: क्षमा देणारा पाळक आणि परीक्षा घेणारा पाळक.

ही दुहेरी भूमिका विटेनबर्गच्या नगरचर्चमध्ये आजही डोळ्यांनी पाहता येते. तिथली वेदीवरची चित्रे, १५४७ ची, क्रानाखच्या चित्रशाळेतून आलेली आहेत. मधल्या फलकात प्रभूचे शेवटचे भोजन, डावीकडे ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन बाळाला बाप्तिस्मा देतो आहे, आणि उजवीकडे त्या चर्चचा पाळक व खुद्द ल्यूथरचा पापनिवेदन ऐकणारा गुरू योहानेस बुगेनहागेन दोन हातांत दोन मोठ्या किल्ल्या घेऊन उभा आहे. एक माणूस गुडघे टेकून बसला आहे. त्याच्या डोक्यावर एक किल्ली आहे, त्याला क्षमा मिळते आहे. दुसरा, उंची पोशाखातला, हात बांधलेले असताना तोंड फिरवून निघाला आहे. त्याच्याकडची किल्ली त्याला परत लावते. मत्तयाच्या शुभवर्तमानातला बांधण्याचा आणि मोकळे करण्याचा अधिकार तो हाच. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांच्या बरोबरीने पापनिवेदनाला इथे जागा मिळाली आहे. १५३१ मध्ये मेलांख्थोनने विश्वासपत्राच्या समर्थनात क्षमावचनाला संस्कारांतच गणले होते, तेच हे रंगांत. पण त्या दुसऱ्या माणसाकडे नीट पाहावे. पुढच्या दीडशे वर्षांत सामान्य लोकांच्या मनात पाळकाची जी प्रतिमा बसली, ती पहिल्या किल्लीपेक्षा दुसऱ्या किल्लीची अधिक होती.

सतराव्या शतकापर्यंत ल्यूथरन चर्चमध्ये पापनिवेदनाच्या खुर्च्या आणि कोनाडे रुळले होते. शनिवारी रांगा लागत. माणसे पाठ केलेला मजकूर म्हणून दाखवत, पाळक पाठ केलेले क्षमावचन म्हणे, आणि जाताना पापनिवेदनाचा पैसा त्याच्या हातावर ठेवला जाई. हा पैसा पाळकाच्या मिळकतीचा भाग होता, त्यामुळे ती रीत मोडायला आतून कोणी उठणे कठीण होते. तरीही एक जण उठला. बर्लिनच्या निकोलाय चर्चमधला योहान कास्पार शाडे हा तरुण पाळक या कामाने अक्षरशः आजारी पडला. ओळखीपाळखी नसलेल्या माणसांच्या रांगेला, त्यांना खरोखर पश्चात्ताप आहे की नाही हे न कळता, देवाच्या नावाने क्षमा कशी जाहीर करायची? १६९७ मध्ये त्याने पापनिवेदनाच्या खुर्चीवर जळजळीत पुस्तिका लिहिली, त्या खुर्चीला सैतानाची खुर्ची ठरवले, आणि एकेकट्याला क्षमावचन देणे थांबवले. शहरात गदारोळ झाला. कित्येक नागरिकांना त्यांची रीत हवी होती, शाडेचे वरिष्ठ फिलिप याकोब श्पेनर मधल्यामध्ये सापडले, चौकशी समिती बसली. १६९८ च्या जुलैत शाडे वारला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. नोव्हेंबरात ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टर पदावरच्या शासकाने, जो स्वतः कॅल्व्हिनच्या पंथाचा होता, व्यक्तिगत पापनिवेदन ऐच्छिक केले. अठराव्या शतकात इतर जर्मन राज्ये त्याच वाटेने गेली आणि ऐच्छिक झालेली प्रथा बघता बघता ओस पडली. सगळ्यांनी मिळून म्हणायचे पापनिवेदन आणि सगळ्यांना एकत्र क्षमावचन, ही रीत मागे उरली.

शाडेबद्दल मला आदर आहे, पण त्याच्या युक्तिवादातली चूक लक्षात घ्यायला हवी. समोरच्याचा पश्चात्ताप खरा आहे याची खात्री पटल्याशिवाय क्षमा देता येत नाही, असे तो धरून चालला. मग पाळकाने खात्री कशी करायची? प्रश्न विचारून, खोदून, मोजून. म्हणजे जळालेली जंत्री दुसऱ्या दाराने आत आली. फक्त आता पापांऐवजी पश्चात्ताप मोजायचा. ल्यूथरच्या नमुन्यात पाळक एकच प्रश्न विचारतो, आणि तो पश्चात्ताप किती झाला याबद्दल नाही, ऐकलेल्या वचनावर विश्वास आहे का याबद्दल आहे. शाडेला चिरडले ते ल्यूथरच्या प्रथेने नाही. तिच्यावर चढवलेल्या परीक्षेने, सक्तीने आणि पैशाने चिरडले. शासकाच्या हुकमाने सक्ती गेली, हे योग्यच झाले. पण सक्ती निघताच खाली काहीच उरले नाही, यावरून दिसते की देणगी म्हणून ती कोणी लोकांना शिकवलीच नव्हती.

यावर सर्वांत जुना आक्षेप असा की रविवारच्या उपासनेत सर्वांना क्षमावचन मिळतेच, मग वेगळे बसायचे कशाला? हा वाद ल्यूथरच्या हयातीतच न्यूरेंबर्गमध्ये पेटला होता. तिथला पाळक आंद्रेआस ओसियांडर याला सार्वजनिक क्षमावचन नको होते, कारण त्यात पश्चात्ताप न झालेलेही क्षमा घेऊन जातात. नगरसभेने विटेनबर्गला विचारले, आणि १५३३ मध्ये ल्यूथर व मेलांख्थोन यांनी कळवले की दोन्ही ठेवा: सुवार्तेचे प्रवचन हेच मुळात सर्वांसाठी क्षमावचन आहे, आणि व्यक्तिगत क्षमावचन तेच वचन एकाला लावून देते. उत्तर समतोल आहे आणि मला ते पटते. म्हणून सार्वजनिक क्षमेला कमी लेखण्याचे कारण नाही. पण गावात दवंडी पिटली की कर्ज माफ झाले, तरी ज्याच्या घरी सावकाराचा कागद आहे तो आपले नाव यादीत आहे का हे विचारायला कचेरीत जातोच. शंका नेहमी नावाशी येते: इतरांना असेल क्षमा, मी केले त्याला कुठली? बाकावर बसून ऐकलेले ‘तुम्ही सर्व’ या शंकेपर्यंत पोचत नाही. ‘तू’ पोचतो, आणि तोही आपण काय केले हे ऐकल्यानंतर उच्चारलेला.

मग देवालाच थेट का सांगू नये? हा आक्षेप प्रॉटेस्टंट मनाला सर्वांत स्वाभाविक वाटतो, आणि त्याचे सर्वांत भेदक उत्तर बर्लिनमध्ये वाढलेल्या, नाझींच्या हातून पुढे फाशी गेलेल्या डीट्रिख बॉनहोफर यांनी दिले. श्टेटिनजवळ फिंकनवाल्डे येथे १९३५ ते १९३७ या काळात ते तरुण पाळकांना शिकवत. गेस्टापोने ती संस्था बंद केली. तिथल्या सहजीवनावर त्यांनी १९३९ मध्ये छोटे पुस्तक काढले, त्याचे शेवटचे प्रकरण पापनिवेदनाचे आहे. त्यांचा मुद्दा असा: एकांतात देवापुढे पाप कबूल करताना आपण बऱ्याचदा स्वतःपुढेच कबूल करतो आणि स्वतःलाच क्षमा करून मोकळे होतो, म्हणूनच तेच पाप पुन्हा पुन्हा होते. समोर हाडामांसाचा माणूस असला की ही फसवणूक मोडते. यात पाळक श्रेष्ठ आणि आपण कनिष्ठ असा भाव नाही. बॉनहोफर यांच्या मते कोणीही ख्रिस्ती भाऊ हे ऐकू शकतो, आणि ल्यूथरनेही एका ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याला क्षमावचन देण्याला मान्यता दिली होती. देवाशी थेट नाते नाकारण्याचा यात प्रश्नच येत नाही. आपल्या प्रार्थनेतला देव बऱ्याचदा आपल्याच मनाचा आवाज काढतो, आणि दुसऱ्याच्या तोंडून आलेले वाक्य तसे फिरवता येत नाही.

तरी सत्तेचा प्रश्न उरतो, आणि तो गंभीर आहे. दुसऱ्याची गुपिते ठाऊक असलेला माणूस त्याच्यावर अधिकार गाजवू शकतो. उलट गुपित उघड झाले तर सांगणारा उघड्यावर पडतो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात १८३९ मध्ये या प्रश्नाची विचित्र बाजू दिसली. सॅक्सनीहून आलेल्या ल्यूथरन वसाहतकऱ्यांचा नेता मार्टिन श्टेफान होता. एका प्रवचनानंतर एका स्त्रीने पाळक ल्योबर यांच्यापुढे श्टेफानशी असलेल्या अनैतिक संबंधांची कबुली दिली. ल्योबर यांनी ती सहकारी पाळकांच्या कानावर घातली, आणि महिनाभरात श्टेफानची हकालपट्टी होऊन त्याला नदीपलीकडे सोडण्यात आले. एका दांडगाईखोर नेत्यापासून वसाहत सुटली, पण पापनिवेदन फोडून सुटली. गुप्तता पाळायची तर अत्याचारी वाचतो, मोडायची तर पुढे कोणी बोलणारच नाही, असा हा पेच आजच्या लहान मुलांवरील अत्याचारांच्या संदर्भात अधिक धारदार झाला आहे. स्वीडनच्या चर्चमध्ये पाळकाचे मौन निरपवाद आहे, जर्मन फौजदारी कायदा पाळकाला साक्ष नाकारू देतो, अमेरिकेतल्या राज्याराज्यांत कायदे निरनिराळे आहेत. माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर वाट दिसते. पीडित व्यक्ती आपल्यावरचा अत्याचार सांगते तेव्हा ती पाप कबूल करत नसते, म्हणून तिचे म्हणणे दाबून ठेवायला पापनिवेदनाचे मौन कारण म्हणून पुढे करणे हा त्या मौनाचा गैरवापर आहे. आणि अत्याचारी स्वतः आला, तर पाळकाच्या हातात दुसरी किल्ली आहेच: पोलिसांत जायला उघड नकार असेल तर पश्चात्ताप नाही हे मोजल्याशिवायच दिसते, आणि पश्चात्ताप नाही तिथे क्षमावचन नाही. हे मौन सोपे नाही, आणि त्याची किंमत कधी कधी तिसऱ्या कोणाला भरावी लागते हे मी नाकारत नाही. पण बोललेले बाहेर जाईल अशी शंका असलेल्या ठिकाणी माणूस आपले खरे पाप कधीच आणणार नाही. आणेल ते सांगण्याजोगे, सजवलेले.

समुपदेशकाकडे गेले तर हेच काम होते, असे आज पुष्कळांना वाटते. काही काम होतेही, आणि ज्याला मनाचा आजार आहे त्याला पाळकाने डॉक्टरकडेच पाठवावे. परंतु समुपदेशक अपराधीपणाची भावना समजावून देऊ शकतो, अपराध माफ करण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. ज्याने खरोखरच मापात मारले, त्याला आपण वाईट वाटून घेतो ते का, हे कळून पुरत नाही.

सक्ती न करता देणगी म्हणून दिली तर ही प्रथा पुन्हा फुटते, याला एकोणिसाव्या शतकातला जर्मनीतला अनुभव पुरावा म्हणून पुरेसा आहे. बव्हेरियातल्या नॉयेनडेटेल्साउ या खेड्यात १८३७ पासून पाळक असलेल्या विल्हेल्म ल्योहे यांनी कोणावर सक्ती न करता, शिकवून, समजावून व्यक्तिगत पापनिवेदन पुन्हा रुजवले. व्युर्टेम्बर्गमधल्या म्योटलिंगेनला तर ते न बोलावता आले: १८४४ च्या सुरुवातीला गावात बदनाम असलेला एक माणूस पाळक योहान क्रिस्टोफ ब्लुमहार्ट यांच्या दाराशी आला, डोक्यावर हात ठेवून मिळालेले क्षमावचन घेऊन गेला, आणि मग काही महिन्यांत जवळजवळ सारा गाव एकेक करून येऊन गेला.  दोन्ही ठिकाणी शासकाचा हुकूम नव्हता, परीक्षा नव्हती, पैसा नव्हता.

आज अमेरिकेतल्या दोन मोठ्या ल्यूथरन चर्चांच्या २००६ मध्ये निघालेल्या उपासनाग्रंथांत व्यक्तिगत पापनिवेदनाचा विधी छापलेला आहे. काही मंडळ्यांत शनिवारची किंवा उपवासकाळातली वेळही लावलेली असते. लोक थोडे येतात. लोकांना बोल लावण्याआधी पाळकांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: माझे पाप कोण ऐकतो? ज्याने स्वतः कोणापुढे गुडघे टेकले नाहीत त्याने दुसऱ्याचे ऐकायला बसू नये, असे बॉनहोफर यांचे मत होते. ल्यूथर आपल्या बुगेनहागेनकडे जात असे, उपदेश ऐकायला नाही, क्षमा ऐकायला. आणि पाळकांच्या सभांमध्ये अर्थसंकल्प आणि इमारती यांच्या आधी जर कशाची सोय करायची असेल, तर प्रत्येक पाळकाला असा एक माणूस मिळवून देण्याची करावी.